वावडे नेमके कशाचे? निकेल, दाढीचे पाते आणि एकशे तीस वर्षांचा शोध

दाढी केल्यानंतर एकदोन दिवसांनी ज्यांच्या गालांवर आणि हनुवटीखाली खाजरे, लालसर पुरळ उठते, त्यांचा पहिला संशय बहुधा पात्यावर जातो. संशयाला आधारही असतो. घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याखाली मनगटावर चट्टा उठलेला असतो, पँटच्या बटणाने बेंबीखाली डाग पाडलेला असतो, खोट्या दागिन्याने कानाची पाळी चिघळलेली असते. धातूचे वावडे असल्याचे एव्हाना ठाऊक झालेले असते. मग धातूचे धारदार पाते रोज चेहऱ्यावरून फिरवणाऱ्याने दोष दुसऱ्या कोणाला द्यावा? दुकानात गेले की प्रश्न आणखी अवघड होतो. एका वेष्टनावर ‘स्टेनलेस’, दुसऱ्यावर ‘क्रोम’, तिसऱ्यावर ‘प्लॅटिनम’, चौथ्यावर ‘टायटॅनियम’ असे लिहिलेले. यांपैकी त्वचेला मानवणारे कोणते?

प्रश्न घरगुती वाटतो. त्याचे उत्तर मात्र मुलामा देणाऱ्या कामगारांच्या सुजलेल्या हातांपासून प्रतिकारशक्तीच्या रेणूंपर्यंत पसरलेल्या एका दीर्घ संशोधनातून मिळाले आहे. त्या संशोधनाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो: धातूचे नाव काय आहे यापेक्षा त्याच्या पृष्ठभागावरून त्वचेत काय सुटते आणि किती वेळ सुटत राहते, हे महत्त्वाचे असते. हे वाक्य सिद्ध व्हायला सुमारे एकशे तीस वर्षे लागली.

खाणीतील भूत आणि कारखान्यातील खाज

सॅक्सनीच्या खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे एक तांबूस खनिज सापडे. त्यातून तांबे काही केल्या निघत नसे, उलट त्यातील आर्सेनिकमुळे कामगार आजारी पडत. खनिजात भूत शिरले आहे अशी समजूत होऊन त्याला ‘कुप्फरनिकेल’, म्हणजे तांब्यातील खट्याळ भूत, असे नाव पडले. १७५१ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ ॲक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट यांनी अशाच एका खनिजातून एक नवा पांढरा धातू वेगळा केला आणि भुताचेच नाव धातूला राहिले: निकेल.

एकोणिसाव्या शतकात या धातूला बाजार मिळाला. तांबे, जस्त आणि निकेल यांची चांदीसारखी दिसणारी मिश्रधातू ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने जगभर खपू लागली. आपल्याकडच्या कित्येक घरांतील ताटे-वाट्यांनी हे नाव ऐकवले आहे, जरी त्यात चांदीचा कणही नसतो. पुढे १८६९ मध्ये अमेरिकेतील आयझॅक ॲडम्स यांनी विजेच्या साहाय्याने निकेलचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले. स्वस्त लोखंड-पितळेवर चकचकीत, न गंजणारा थर चढू लागला आणि सायकलींपासून शस्त्रक्रियेच्या उपकरणांपर्यंत सर्वत्र निकेलची झळाळी आली.

त्या झळाळीची पहिली किंमत मुलामा देणाऱ्या कामगारांनी मोजली. त्यांचे हात निकेलच्या क्षारांनी भरलेल्या हौदांत बुडालेले असत. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कोपरापर्यंत असह्य खाज सुटे, पाणीदार फोड येत. १८८९ मध्ये बर्लिनचे वैद्य आल्फ्रेड ब्लाश्को यांनी या कामगारांच्या इसबाचे वर्णन प्रसिद्ध केले. कामगारांनी या रोगाला दिलेले नाव ‘निकेलची खरूज’ असे होते. निकेल त्वचेला उपद्रव देते हे त्यांनी वैद्यांच्या आधीच ओळखले होते. मात्र एकाच हौदावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकालाच हा त्रास का व्हावा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

पाठीवरचे प्रयोग

उत्तराची वाट १८९५ मध्ये उघडली. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी त्या वर्षी ग्राझ येथील परिषदेत एक निरीक्षण मांडले. पाऱ्याच्या मलमाने ज्यांना इसब होते, त्यांच्या निरोगी त्वचेच्या छोट्याशा भागावर तेच मलम लावून झाकून ठेवले, तर तेवढ्याच भागावर पुन्हा इसब उमटते. इतरांच्या त्वचेवर काहीच होत नाही. दोष पदार्थात जितका, तितकाच तो स्वीकारणाऱ्या शरीरातही आहे, हे यातून दिसले. आज ज्याला ‘पॅच टेस्ट’ म्हणतात तिचा हा उगम होय. संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणात पाठीवर चिकटवायचा, दोन दिवसांनी काढायचा आणि चौथ्या दिवसापर्यंत त्या जागेचे निरीक्षण करत राहायचे, ही आजची रीत याडासोन यांच्या युक्तीचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

१९२५ मध्ये कील येथील शिटेनहेल्म आणि श्टोकिंगर यांनी ही कसोटी निकेल कामगारांवर वापरली आणि ‘निकेलची खरूज’ ही निकेलबद्दलची विशिष्ट संवेदनशीलता असल्याचे दाखवले. प्रतिक्रिया लगेच न येता एकदोन दिवसांनी का येते, हे कोडे मात्र उरलेच होते. १९४२ मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनिपिगांवर प्रयोग करून दाखवले की, साध्या रसायनांविषयीची अशी संवेदनशीलता एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे संक्रमित करायची तर पेशी द्याव्या लागतात. रक्तद्रवाने ते साधत नाही. शिंगाडा किंवा शेंगदाणा खाऊन काही मिनिटांत येणारी ॲलर्जी प्रतिपिंडांची असते, तर धातूचे वावडे पेशींचे असते. या पेशींना जमायला वेळ लागतो. म्हणून सोमवारी केलेल्या दाढीचा हिशेब बुधवारी चुकता होतो, आणि रुग्ण मात्र मंगळवारी लावलेल्या साबणाला बोल लावतो.

वस्तऱ्यापासून पात्यापर्यंत

दाढीच्या साधनांचा इतिहास याच काळात वळण घेत होता. सुरक्षित वस्तऱ्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील सुऱ्या घडवणारे झाँ-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये स्वतः दाढी करण्याच्या कलेवर पुस्तकच लिहिले होते. परंतु घरोघरी दाढी होऊ लागली ती किंग कँप जिलेट यांच्या फेकून देता येणाऱ्या पात्यामुळे. जिलेट यांना ही कल्पना १८९५ मध्ये, म्हणजे याडासोन यांनी आपले निरीक्षण मांडले त्याच वर्षी सुचली. कागदासारखे पातळ पोलाद कडक करून त्याला धार कशी द्यावी, हे तंत्र विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवले. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि घरी परतलेल्या सैनिकांबरोबर ही सवयही घरी आली.

या साधनाचे दोन भाग होते आणि इथूनच आपल्या प्रश्नाचा खरा गुंता सुरू होतो. पाते साध्या कार्बनी पोलादाचे होते. ते चांगले कापे, पण दोनचार दाढ्यांत गंजे. मूठ आणि पाते धरणारे डोके बहुधा पितळेचे असे व त्यावर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा असे. म्हणजे निकेल पात्यात नव्हते. ते हातात होते.

गंजाचा प्रश्न सोडवणाऱ्या पोलादाचे दोन जन्म एका वर्षाच्या अंतराने झाले. १९१२ मध्ये जर्मनीतील एसेन येथे, क्रुप कारखान्याच्या प्रयोगशाळेत, श्ट्राउस आणि माउरर यांच्या कामातून क्रोमियमबरोबर भरपूर निकेल असलेले पोलाद तयार झाले. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी, बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचा उपाय शोधताना, सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले आणि निकेल नसलेले पोलाद वितळवले. दोन्हींना आपण आज ‘स्टेनलेस स्टील’ म्हणतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी घराणी आहेत. एसेनचे पोलाद सहज वाकते, ओढले जाते, पण तापवून-विझवून कडक होत नाही. भांडी, नळ आणि घड्याळांचे पट्टे त्याचे बनतात. शेफील्डचे पोलाद कडक होते आणि धार धरते. सुऱ्या, कात्र्या आणि शल्यक्रियेची पाती त्याची बनतात.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने गंजरोधक पोलादाचे दाढीचे पाते बाजारात आणले आणि १९६३ मध्ये जिलेट कंपनीही त्याच वाटेने गेली. ही पाती शेफील्डच्या घराण्यातील होती. आजही दाढीच्या पात्याच्या पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम आणि ०.६ ते ०.७ टक्के कार्बन असतो. निकेल मुद्दाम घातलेले नसते, कारण धार टिकवण्याच्या कामी त्याची गरज नाही. धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम किंवा घर्षण कमी करणाऱ्या बहुवारिकाचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. निकेलचे वावडे असलेल्या माणसाने ज्याला पहिला आरोपी ठरवले, ते पाते बहुतेक वेळा निर्दोष असते.

क्रोमियमविषयीचा गैरसमज

मग क्रोमियमचे काय? त्वचारोगतज्ज्ञांच्या यादीत तेही मोठे आरोपी आहे. इथे रसायनशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. धातुरूप क्रोमियम हवेशी संयोग पावून स्वतःभोवती काही नॅनोमीटर जाडीचे घट्ट ऑक्साइडचे कवच बनवते आणि त्यातून फारसे काही सुटत नाही. वावडे उत्पन्न करते ते विद्राव्य क्रोमियम, विशेषतः षट्संयुजी रूपातील क्रोमेट. ओल्या सिमेंटमध्ये ते असते; म्हणून गवंड्यांचे हात फुटतात. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून या क्रोमेटचे रूप बदलता येते, हे डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमलात आणले आणि २००५ पासून युरोपीय संघाने सिमेंटमधील विद्राव्य क्रोमेटवर दशलक्ष भागांत २ भागांची मर्यादा घातली. क्रोमियमने कमावलेल्या चामड्यातूनही क्रोमेट सुटू शकते. त्यामुळे क्रोमेटचे वावडे असलेल्याने चकाकत्या पात्याऐवजी वस्तऱ्याला धार लावण्याच्या चामडी पट्ट्याकडे किंवा घड्याळाच्या पट्ट्याकडे संशयाने पाहणे अधिक योग्य.

‘क्रोम’ असे लिहिलेल्या मुठीची गोष्ट वेगळी आहे. क्रोमियमचा शोभेचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाला. हा थर बहुधा मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश इतकाच जाड असतो आणि त्यात सूक्ष्म भेगा असतात. त्याच्याखाली झळाळीसाठी व गंज रोखण्यासाठी निकेलचा कितीतरी जाड थर दिलेला असतो, आणि त्याखाली पितळ किंवा जस्ताची मिश्रधातू. नवी मूठ त्रास देत नाही. वर्षभराने जिथे अंगठा टेकतो तिथला क्रोमियम झिजतो आणि खालचे निकेल उघडे पडते. सोनेरी मुलाम्याखालीही अनेकदा निकेलच असते. वेष्टनावर वरच्या थराचे नाव छापलेले असते. त्वचेची गाठ मात्र कालांतराने खालच्या थराशी पडते.

बायकांच्या त्वचेने लिहिलेला कायदा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निकेलचे वावडे कारखान्यातून घराघरांत आले होते. पाश्चात्त्य देशांत प्रथम मोज्यांचे बंद अडकवणाऱ्या धातूच्या आकड्यांनी स्त्रियांच्या मांड्यांवर चट्टे उठले, नंतर जीन्सच्या बटणांनी पोटावर, आणि कान टोचण्याची लाट आल्यावर कानाच्या पाळ्यांवर. फॅशन बदलली की रोगाची जागा बदले. १९५६ मध्ये लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ चार्ल्स कॅलनन यांनी निकेलजन्य त्वचादाहावर विस्तृत निबंध लिहिला. धातू जिथे टेकतो तिथे तर पुरळ येतेच, पण ज्या जागांना धातूचा स्पर्शही झालेला नसतो अशा मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या खाचांतही ते उमटते, हे त्यांनी नोंदवले. मानेवरच्या पुरळाचा उगम मनगटावरच्या पट्ट्यात असू शकतो, ही गोष्ट दाढी करणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गुन्हेगार वस्तू ओळखण्याची युक्ती रसायनशास्त्राने आधीच हाती दिली होती. १९०५ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव्ह चुगायेव्ह यांनी डायमिथिलग्लायॉक्झाइम हे संयुग निकेलबरोबर गडद गुलाबी रंग देते, असे दाखवले. त्याचा आणि अमोनियाचा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन वस्तूवर घासला आणि बोळा गुलाबी झाला, तर निकेल सुटत आहे असे समजावे. या कसोटीची खुबी अशी की, ती वस्तूत निकेल आहे का हे विचारत नाही. ते बाहेर येते का, हे विचारते.

हाच विचार पुढे कायद्यात उतरला. टोर्किल मेन्ने यांच्यासारख्या डॅनिश त्वचारोगतज्ज्ञांच्या संशोधनावर विसंबून डेन्मार्कने १९९० मध्ये आणि त्यामागून १९९४ मध्ये युरोपीय संघाने नियम केला: त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूने दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सोडू नये. तपासणीसाठी वस्तू ३० अंश सेल्सियस तापमानाच्या कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवतात. परिणाम लवकरच दिसला. कान टोचलेल्या डॅनिश मुलींच्या एका पाहणीत, नियम लागू होण्यापूर्वी कान टोचलेल्यांत निकेलचे वावडे १७.१ टक्के होते, तर नंतर टोचलेल्यांत ३.९ टक्के. औषधाने जे साधले नसते, ते पृष्ठभागाच्या नियमाने साधले.

या मापाने पाहिले की ‘स्टेनलेस’ शब्दाचे आणखी एक कोडे उलगडते. एसेनच्या घराण्यातील ३१६-एल प्रकारच्या पोलादात १० टक्क्यांहून अधिक निकेल असते, तरी ते कवचात इतके बंदिस्त असते की त्यातून ठरावीक मर्यादेपेक्षा खूपच कमी निकेल सुटते. त्याच घराण्यातील ३०३ प्रकारात मात्र यंत्रावर कातणे सोपे जावे म्हणून गंधक घातलेले असते; गंधकाची संयुगे कवचात छिद्रे पाडतात आणि निकेल कितीतरी अधिक प्रमाणात सुटते. दोन्ही मुठी दिसायला सारख्या, दोन्ही ‘स्टेनलेस’. एक बहुतेकांना चालते, दुसरी त्रास देऊ शकते.

नियमाला एक मर्यादाही आहे. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती? युरोपीय व्याख्येप्रमाणे दोन आठवड्यांत किमान तीनदा दहा-दहा मिनिटे, किंवा एकदा सलग अर्धा तास. पाच मिनिटांत दाढी उरकणाऱ्याचा रेझर या व्याख्येत बसत नाही. एका अर्थी ते योग्यही आहे, कारण संपर्काचा काळ जितका थोडा तितका धोका थोडा. परंतु पाते त्वचेचा वरचा थरही थोडासा खरवडते, आणि खरवडलेल्या त्वचेतून आयन अधिक सहज आत शिरतात. इथे मापाची पट्टी आणि प्रत्यक्ष चेहरा यांत अंतर राहते.

विजेच्या रेझरची गंमत याच ठिकाणी कळते. १९३० च्या दशकात जेकब शिक यांच्या यंत्राने ‘पाण्याविना दाढी’ रूढ केली. पात्याला भिऊन पुष्कळ लोक या यंत्राकडे वळतात. परंतु त्वचेवर फिरणारी त्याची पातळ जाळी अनेक उत्पादनांत विजेच्या साहाय्याने निकेलचेच थर साचवून बनवलेली असते, कारण इतकी पातळ आणि अचूक छिद्रांची जाळी त्या पद्धतीने सहज होते. निकेलपासून पळणारा माणूस अशा वेळी निकेलच्याच दारी जाऊन पोहोचतो.

भारतीय चेहऱ्यांची साक्ष

भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ जे. एस. पसरिचा यांचे नाव अग्रभागी आहे. परदेशी कसोटीसंच जसाच्या तसा न वापरता इथल्या वस्तू, इथल्या वनस्पती आणि इथले व्यवसाय लक्षात घेऊन पॅच टेस्ट करावी, हा आग्रह त्यांच्या कामात दिसतो. पुढे भारतीय रुग्णांसाठी वेगळा प्रमाण संच तयार झाला. इथल्या पाहण्यांत स्त्रियांमध्ये निकेल आणि पुरुषांमध्ये क्रोमेट ही नावे वारंवार पुढे येतात; त्यांच्या जोडीला एक असे नाव येते जे युरोपच्या यादीत सापडणार नाही: गाजरगवत.

ही वनस्पती १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदली गेली आणि तिथून देशभर पसरली. तिचे सूक्ष्म कण हवेतून चेहरा, मान आणि पापण्यांवर बसतात व तीव्र त्वचादाह घडवतात. शेतात किंवा उघड्यावर काम करणाऱ्या पुरुषांत तो अधिक आढळतो. चेहऱ्यावर, दाढीच्याच जागी उठलेल्या अशा दाहाचा आळ पात्यावर येणे किती स्वाभाविक आहे! हीच गोष्ट दाढी काळी करण्याच्या कलपातील पॅराफेनिलीनडायअमाइनची, आणि दाढीनंतर लावायच्या द्रवातील सुगंधी द्रव्यांची. पॅच टेस्ट न करता केवळ अंदाजाने पाते बदलत राहणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

आपल्या देशाचे निकेलशी असलेले नाते खिशातल्या नाण्यांवरही वाचता येते. १९४६-४७ मध्ये चांदीची जागा घेणारा रुपया शुद्ध निकेलचा होता. निकेल आपल्याकडे आयात करावे लागे; म्हणून जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळेत निकेलविरहित गंजरोधक पोलादावर संशोधन झाले. १९९० च्या दशकापासून आपली अनेक नाणी ८३ टक्के लोह आणि १७ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाची आहेत, आणि त्यांत निकेल नाही. हा बदल परकीय चलन आणि खर्चाच्या हिशेबाने झाला. दिवसभर नाणी मोजणाऱ्या हातांना त्याचा लाभ आपोआप मिळाला.

या नाण्यांना लोहचुंबक ओढतो, भांड्यांच्या पोलादाला सहसा ओढत नाही, हे पाहून ‘चुंबकाला चिकटते ते निकेलविरहित’ असा एक ठोकताळा रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. शेफील्डचे पोलाद चुंबकाला चिकटते हे बरोबर. पण शुद्ध निकेलही चिकटते, आणि निकेलचा मुलामा दिलेले लोखंडही. उलट, भारतात भांड्यांसाठी बरेच वापरले जाणारे २०० मालिकेतील पोलाद अल्प निकेल असूनही चिकटत नाही. चुंबक धातूच्या अंतरंगाविषयी थोडे सांगतो. पृष्ठभागावरून काय सुटते याविषयी तो मौन बाळगतो.

रेणूंच्या पातळीवर

एक प्रश्न फार काळ अनुत्तरित होता: निकेलचा साधा आयन प्रतिकारशक्तीला धोक्याचा इशारा देतो तरी कसा? प्रयोगशाळेतील उंदरांत हे वावडे सहज निर्माण करता येत नसे, त्यामुळे अभ्यास अडखळत होता. २०१० मध्ये जर्मन संशोधकांच्या गटाने दाखवले की, जिवाणूंची चाहूल घेण्यासाठी असलेल्या टीएलआर-४ या मानवी ग्राहक रेणूवरील हिस्टिडिन या अमिनो आम्लांच्या जागी निकेलचे आयन थेट चिकटतात आणि खोटाच धोक्याचा घंटानाद सुरू होतो. उंदरांच्या रेणूत नेमक्या त्या जागी हिस्टिडिन नसते. ब्लाश्को यांच्या काळी ‘भूत’ वाटणाऱ्या गोष्टीचा पत्ता असा काही अणूंच्या अंतरापर्यंत येऊन पोहोचला. मात्र एकदा जडलेले वावडे पुसून टाकणारा उपाय अजून हाती नाही. युरोपात प्रौढांपैकी ८ ते १९ टक्के लोकांना हे वावडे असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यापाशी टाळणे हाच मार्ग उरतो, आणि म्हणून काय टाळावे हे अचूक ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

निवड करताना

या इतिहासातून निवडीचे सूत्र आपोआप निघते. प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. निकेल, क्रोमेट, कलप, सुगंध की गाजरगवत, हे कळल्याशिवाय साधन बदलण्यात अर्थ नाही. वावडे निकेलचेच ठरले, तर साध्या गंजरोधक पात्याला घाबरण्याचे कारण सहसा नसते. लक्ष मुठीवर आणि डोक्यावर ठेवावे. प्लास्टिकची मूठ असलेला स्वस्त रेझर या बाबतीत महागड्या मुलाम्याच्या रेझरपेक्षा अनेकदा निर्धोक ठरतो; मात्र त्याच्या पात्यांवरील निसरड्या पट्टीत सुगंध असू शकतो. धातूचीच मूठ हवी असल्यास मुलामा नसलेले ३१६-एल पोलाद, टायटॅनियम किंवा साधे पितळ पाहावे. ॲल्युमिनियमच्या रंगीत मुठीबद्दल विचारणा करावी, कारण तिच्या पृष्ठभागाची सूक्ष्म छिद्रे बुजवण्यासाठी कधीकधी निकेलचे क्षार वापरतात. मुलामा झिजलेली, डाग पडलेली मूठ जपून ठेवू नये. विजेच्या यंत्राची जाळी कशाची आहे हे विकत घेण्यापूर्वी जाणून घ्यावे. केशकर्तनालयात गेल्यास नव्या पात्याचा आग्रह धरावाच, पण तो जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. वावड्याशी त्याचा संबंध थोडा. आणि शंका राहिलीच तर चुगायेव्ह यांचा गुलाबी रंग आजही तितकाच विश्वासू साक्षीदार आहे, जरी अगदी अल्प प्रमाण त्याच्या नजरेतून निसटू शकते.

डेन्मार्कच्या मुलींचे कान वाचले, कारण तिथे वस्तू बनवणाऱ्याला उत्तर देणे भाग पडले. आपल्याकडे वेष्टनावर ‘प्रीमियम’ आणि ‘क्रोम फिनिश’ हे शब्द ठळक असतात. मुलाम्याखाली काय आहे, हे क्वचितच लिहिलेले असते. तोवर प्रत्येक रुग्णाला आपल्याच कातडीवर प्रयोग करत राहावे लागते. बर्लिनच्या कामगारांनाही तेच करावे लागले होते. फरक इतकाच की, त्यांच्यासाठी त्या काळी शास्त्राकडे उत्तर नव्हते. आज ते आहे. ते वेष्टनावर उतरावे, ही मागणी ग्राहक म्हणून आणि विज्ञानाचे वाचक म्हणून आपण करू शकतो.